इंजिनाची जबानी

डिचोलीत मी भाड्याची खोली घेतली, त्या पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "कोणें हात लायलो? खरें सांग."

मी दाढी करत होतो. वस्तरा गालावर होता तिथेच थांबला.

पलीकडे एक पुरुषी आवाज पुटपुटला, "कोणेंच ना, बाय. तशेंच बंद पडलें."

"तशें कांयच पडना. पोटांत कितें घातलें?"

"कांय ना गो."

"तेल?"

पुरुष खाकरला.

"खंयचें?"

"खोबऱ्याचें," पुरुष म्हणाला, आणि इतक्या पडेल स्वरात म्हणाला की मला वाटलं, आता बेड्याच पडणार.

विषप्रयोग, दुसरं काय. मी नाटकात कामं करणारा माणूस. तालुक्याच्या कचेरीत कारकून होतो हे खरं, पण ते पोटासाठी. एरवी पेडणे महालातल्या एकाही जत्रेतलं नाटक मी सोडलेलं नव्हतं. असा प्रवेश फुकट चालू असताना खोलीत बसून कोण राहील? अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून मी सोप्यावर गेलो आणि शेजारच्या दारातून डोकावलो.

खिडकीखाली पाट मांडला होता. पाटावर वीतभर लांबीचं काळं इंजिन उताणं पडलं होतं, सगळी चाकं आढ्याकडे. त्याच्यावर पन्नाशीतली एक बाई सोनाराचा चिमटा घेऊन वाकली होती. समोर खाणीवरचा एक आडदांड ड्रायव्हर मान खाली घालून बसला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, साबणाकडे पाहिलं.

"नवो भाडेकार? पेडण्याचो?" त्या म्हणाल्या. "अर्ध्या गालान लोकांच्या घरांत येवचें न्हय. पुराय कर आनी मागीर ये."

ही द्वारकाबाय. पुंडलीक शेट सोनारांची बायको. त्या दिवसापासून बदली होईपर्यंत तिने मला 'पेडणेकार' याखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. माझं नाव तिला ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

आता डिचोलीत ही इंजिनं आली कुठून, हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणारच. तालुक्यात रूळ नाही, स्टेशन नाही. पण लोहखनिजाच्या खाणी होत्या. डिचोलीचा डोंगर ट्रकात, मग बार्जमध्ये, मग बोटीत बसून जपानला जायचा आणि बदल्यात तिकडून घड्याळं यायची, कॅल्क्युलेटर यायचे आणि रुळावर धावणारी ही चिमुकली इंजिनं यायची. कुणा बोटीवरच्या साहेबाने खाणीवरच्या फोरमनला दिलेलं, कुणाच्या भावाने आखातातून आणलेलं. वर्षभर ते ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी झोपायचं आणि चवथीला गणपतीपुढे गोल गोल फिरायचं. माटोळी, म्हणजे मूर्तीच्या वर टांगलेली फळा-पानांची आरास, बघायला आलेले लोक आधी आगगाडी बघायचे, मग माटोळी आणि मग, आठवण झाली तर, देवाच्या पाया पडायचे.

वर्षभर झोपलेलं इंजिन चवथीच्या तोंडावर उठत नाही. म्हणजे श्रावण लागला की द्वारकाबायच्या दारात चपलांचा ढीग.

हे काम तिच्याकडे आलं ते शेटमुळे. एका फोरमनने इंजिनातली तुटलेली तार डाख लावून द्यायला शेटकडे दिली. शेट हा मुळात न बोलणारा माणूस. त्यांनी ते इंजिन उलटंसुलटं केलं, कोनाड्यात ठेवलं आणि जेवून झोपले. उठून पाहतात तो बायको फुंकणी तोंडात धरून त्यांच्या जागेवर बसलेली.

"चलता?" शेटनी विचारलं.

"चलता," ती म्हणाली.

या दोन शब्दांवर संसारातली कामाची वाटणी झाली. पुढच्या खोलीत दोन खिडक्या होत्या. एकीखाली शेट मंगळसूत्राच्या वाट्या घडवत, दुसरीखाली ती इंजिनं उघडायची. चिमटे सामाईक. त्यावरून जी काही कुरबुर व्हायची ती शेट खोकून व्यक्त करत.

तिची पद्धत ठरलेली होती. इंजिन आलं की आधी नाडी. पत्र्याच्या बिस्किटांच्या डब्यात ट्रान्झिस्टर रेडिओची चौकोनी बॅटरी असायची, तिला दोन तारा. त्या दोन तारा ती इंजिनाच्या दोन बाजूंच्या चाकांना लावायची. चाकं फिरली तर इंजिन निरोगी, दुखणं रुळात किंवा रुळाला वीज देणाऱ्या पेटीत. नाही फिरली तर इंजिन उघडायचं. मोटरीतले झिजलेले कार्बन बदलायचे, मग वाळून गोंद झालेलं जुनं तेल, चाकांवर बसलेली काळी साय, सगळं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढायचं. आमच्याकडचं खास दुखणं म्हणजे लाल धूळ. खाणीच्या ट्रकांची धूळ ट्रंकेतसुद्धा शिरायची आणि तिच्यातले लोखंडाचे कण मोटरीतल्या चुंबकाला मुंग्यांसारखे चिकटायचे. ते ती मेणाच्या गोळीने टिपून घ्यायची, हळूच एका करंडीत झाडायची आणि म्हणायची, "हो डोंगर बोट चुकलो."

पण हे सगळं नंतर. नाडी आणि उघडणं यांच्या मध्ये जबानी. तिचं ठाम मत होतं की इंजिन कधी खोटं सांगत नाही, आणणारा माणूस नेहमी सांगतो. डिचोलीत आलेलं प्रत्येक इंजिन 'तशेंच' बंद पडलेलं असायचं. कुणी उघडलेलं नाही, कुणी पाडलेलं नाही, कुणी पोराच्या हाती दिलेलं नाही. "म्हजी फी एकूच," ती म्हणायची, "खरें सांगप." आणि ती फी वसूल झाल्याशिवाय तिने कधी स्क्रूला हात लावला नाही. पुष्कळदा दोष तिला आधीच दिसलेला असायचा. तरी ती थांबायची. चिमटा हवेत धरून, समोरच्याच्या तोंडाकडे बघत. मी रंगभूमीवर मोठमोठे न्यायाधीश पाहिले आहेत, स्वतः दोनदा झालोही आहे. तसा थांबा कुणाला जमला नाही.

वाळपईचा एक बसवाला आला होता. स्वतःच्या दोन बसगाड्या, आवाज हॉर्नसारखा. म्हणाला, "गेली चवथ जाली तेन्ना ट्रंकेंत घातलें. मागीर भायर काडूंकूच ना."

बायने चाकं उजेडात धरली. चाकांच्या कडा गुलाबी होत्या. एका चाकाच्या खोबणीत तांदळाचा दाणा अडकला होता.

"भायर काडूंक ना?"

"ना."

"मगे ट्रंकेंत लग्न लागलें कोणाचें?"

बसवाल्याने कपाळाचा घाम पुसला. दसऱ्याला त्याने दोन्ही बसगाड्यांची पूजा केली होती, आणि एक इंजिन घरात असताना त्याला वगळणं बरं दिसेना. हळद, कुंकू, गंध, अक्षता, सगळं यथासांग, आणि तेही चाकांवर, कारण बसच्याही चाकांखालीच तो लिंबू ठेवी. गंध वाळून चाकांवर असं बसलं होतं की त्यातून वीज जाणं शक्य नव्हतं.

मला वाटलं, आता हा बोलणी खाणार. पण बायने चाकं पुसता पुसता त्याला शांतपणे समजावलं. पूजा चुकीची नाही, जागा चुकीची. "पायांक कुंकूं लायत कोणें? कपाळार लाय." इंजिनाचं कपाळ कोणतं, यावर दोघांची थोडी चर्चा झाली आणि धुराड्याखालची गोल जागा एकमताने ठरली. पुढे त्या भागातल्या सगळ्याच इंजिनांना कपाळावर टिळा दिसू लागला.

आमच्या पेडण्याचा एक भाटकार, म्हणजे बडा जमीनदार, तोही तिच्या तावडीत सापडला. नाव सांगत नाही, त्यांच्या मिशा अजून मला स्वप्नात येतात. सहकुटुंब आले होते. इंजिन अडकत अडकत चालायचं. "माझ्याशिवाय ह्याला घरात कुणाचा हात लागत नाही," ते जरबेने म्हणाले, पणजीच्या मराठीत.

बायने आसाभोवती चिमटा फिरवला आणि एक केस ओढायला सुरुवात केली. केस निघत राहिला. निघत राहिला. चांगला हातभर, काळाभोर, लहरदार. भाटकारांचं डोकं तुळतुळीत. भाटकारीणबाईंचे केस पांढरे. तिने तो केस खिडकीतल्या उजेडात उंच धरला, आणि भाटकारीणबाई त्याच्याकडे अशा बघू लागल्या की शेटनीसुद्धा हातोडी खाली ठेवली.

"कोणाचो?" बाय म्हणाली.

मिशा थरथरल्या. "द्रौपदीचा," भाटकार म्हणाले.

तरुणपणी जत्रेच्या नाटकात ते द्रौपदी करत. लग्न ठरलं तेव्हा काम सोडलं, पण केसांचा टोप सोडवेना. इतकी वर्षं तो ट्रंकेत इंजिनाखाली दडवून ठेवला होता. भाटकारीणबाई आधी हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "वस्त्रहरणाचं गाणं म्हणायचा ते तुम्हीच?" आणि त्यांनी सांगितलं की चौदा वर्षांची असताना त्या ते नाटक बघून रडल्या होत्या. ते दोघे गेले तेव्हा भाटकार पुढे आणि बाई मागे असा नेहमीचा क्रम राहिला नव्हता. इंजिन मात्र न्यायला विसरले. नंतर गडी पाठवून नेलं.

त्या काळात गोव्यात एकच विषय होता. राजभाषा कोंकणी की मराठी, आणि घटक राज्य होणार तर कोणत्या भाषेत होणार. बसथांब्यावर, चहाच्या दुकानात, स्मशानातसुद्धा. बायला कुणीतरी विचारलं, तू कुठल्या बाजूची. तिने हातातलं इंजिन त्याच्या कानाशी धरलं आणि म्हणाली, "आयक. हें खंयची भास उलयता तें म्हाका सांग, मागीर हांव सांगता."

कारापूरच्या एका घरात हा वाद चुलीपर्यंत पोचला. दोघे भाऊ. थोरला सदानंद प्राथमिक शाळेत मराठी शिकवायचा आणि मराठीसाठी भांडायचा, अस्सल कोंकणीतून. धाकटा उल्हास खाणीच्या ऑफिसात होता आणि कोंकणीच्या बाजूने वर्तमानपत्रांना पत्रं लिहायचा, उत्तम मराठीत. बोलणं बंद झालं, चुली वेगळ्या झाल्या, सोप्याच्या मधोमध भिंत आली. वडील वारले होते. त्यांची आगगाडी होती, तिचीही वाटणी झाली. इंजिन आणि डबे सदानंदला, रूळ आणि विजेची पेटी उल्हासला. शहाणी माणसं रागात असली की काय काय वाटून घेतात.

श्रावणात सदानंद टॉवेलात गुंडाळलेलं इंजिन घेऊन आला. तशेंच बंद पडलें. नुसतं गुणगुणतं, हलत नाही.

"कित्याक जोडिल्लें?" बायने विचारलं.

त्याने आढेवेढे घेतले. चिमटा हवेत थांबला. शेवटी कबूल झाला की दाराच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर लावला होता. तो प्रवाह वेगळा, त्यावर हे इंजिन गुणगुणणारच.

"बापायची पेटी आसा न्ही?"

"ती त्याच्याकडे."

"आनी चवथीक?"

सदानंदने मान वळवली. चवथीला उल्हास स्वतंत्र गणपती आणणार होता. मूर्ती घडवून घेण्यासाठी चित्रशाळेत आपण पाट देतो, तसा त्याने दुसरा, नवा पाट देऊनही टाकला होता. एका घरात, भिंतीच्या दोन बाजूंना, दोन गणपती.

हे काय आहे ते गोव्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे भाऊ कितीही वेगळे होवोत, गणपती एकच. वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे चवथीला एकाच आरतीत उभे राहतात, आखातातला येतो, मुंबईचा येतो, भांडणारा आधी येतो. तेवढी एक गाठ असते. ती एकदा सोडली की पुन्हा कुणी बांधत नाही.

"आवय खंय बसतली?" बायने विचारलं.

सदानंदने टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"दवर हांगा. आयतारा सकाळीं ये," ती म्हणाली.

तो फाटकाबाहेर पडताच तिने डबा उघडला आणि बॅटरीच्या तारा चाकांना लावल्या. चाकं भुर्र फिरली. इंजिनाला काहीही झालेलं नव्हतं. तिने तारा काढल्या, डबा मिटला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पेडणेकार, तुवें कांय पळयलें ना."

मी म्हटलं, मी काहीच पाहिलं नाही.

दोन दिवसांनी उल्हास रूळ आणि पेटी घेऊन आला. मित्राकडून आणलेलं इंजिन यावर चालत नाही, म्हणजे पेटी गेली, असं त्याचं निदान. बायने ते इंजिन उलटं केलं. चाकं प्लास्टिकची. ते पोटातल्या सेलवर चालणारं खेळणं होतं, रुळातली वीज त्याला कधी पोचणारच नव्हती. मला कळलं म्हणजे तिला शंभरदा कळलं असणार. ती म्हणाली, "पेटी दवर. आयतारा सकाळीं ये."

दोघांनाही दुसऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

रविवारी मी लवकर उठलो. असा प्रयोग चुकवून चालणार नव्हतं. बायने जमिनीवर रूळ गोल मांडले, पेटी जोडली, इंजिन ठेवलं. सुरेख फिरलं. मग तिने ते थांबवलं, गुडघ्यांवर सरकत पलीकडे गेली आणि दोन रुळांना सांधणाऱ्या एका पितळी जोडात अंगठ्याचं नख घालून तो फाकवला. नख मोडलं. तिने ते तोंडात धरलं आणि उठली. शेट आपल्या खिडकीखाली पाठमोरे होते.

सदानंद आला, पाठोपाठ उल्हास. एकमेकांना पाहून दोघेही वळले असते, पण दारात बाय उभी होती आणि ती बारीक बाई नव्हती.

"उल्हास, इंजिन घे. सदानंद, पेटी धर," ती म्हणाली. "दोनूय एकठांय पळयल्याबगर दुयेंस कळचें ना."

सदानंदने बटण फिरवलं. इंजिन निघालं, अर्धं वर्तुळ गेलं आणि थांबलं. उल्हासने बोटाने ढकललं, पुन्हा चाललं, फिरून त्याच जागी थांबलं.

"बाय, ताका सांग, सवकास फिरय," उल्हास म्हणाला.

"हांव टपालवाली न्हय. तो तुज्या मुखार बसला."

मग उल्हास रुळाकडे बघत म्हणाला, "सवकास."

"सवकासच फिरयता," सदानंद म्हणाला.

"फाटीं घे."

मागे घेतलं. तिथेच थांबलं, दुसऱ्या अंगाने.

"म्हणजे इंजिन न्हय," सदानंद म्हणाला.

"पेटीय न्हय," उल्हास म्हणाला. आणि मग, "बाबा असं झालं की काय करायचे रे?"

"जोडावर अंगठा दाबायचे."

सदानंद पेटी सोडून रांगत गेला आणि जोडावर अंगठा दाबला. बटण आता उल्हासच्या हाती. इंजिन थोरल्याच्या अंगठ्याजवळून खडखडत पार गेलं. सापडलं. बायने मुकाट्याने पक्कड पुढे केली. एकाने रूळ धरला, दुसऱ्याने जोड आवळला.

इथे संपतं तर बरं होतं. पण सदानंदच्या कपाळाला आठी पडली. रूळ इतके दिवस कुणाच्या ताब्यात होते, हे त्याला आठवलं असावं.

"सैल कोणें केलो?" त्याने विचारलं.

त्या घरात या प्रश्नाला एकच उत्तर असे, 'हांवें न्हय', आणि या वेळी ते अगदी खरं ठरलं असतं. उल्हास ते खरं बोलला की थोरला म्हणणार, मग काय आपोआप झालं? आणि दोघे आपापल्या भिंतीमागे कायमचे. बाय चिमटा घेऊन उभी होती. तिचा चेहरा मी पहिल्यांदाच गडबडलेला पाहिला.

उल्हासने जोडाकडे पाहिलं, भावाच्या लाल झालेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"सोडयतना म्हज्याच हातांतल्यान जालो आसतलो," तो म्हणाला.

सदानंदचे खांदे उतरले. "हांवेंय तें घंटीक जोडिल्लें," तो म्हणाला. "जळपाचेंच तें."

एवढंच. बायने मान खाली घातली आणि आधीच लखलखीत असलेला चिमटा पदराने पुसायला घेतला. त्या घरात पहिल्यांदाच एक खोटी जबानी स्वीकारली गेली होती. रूळ, पेटी, इंजिन आणि डबे एका टॉवेलात बांधून ते दोघे एकाच स्कूटरवर गेले. वळणापर्यंत त्यांचा वाद ऐकू येत होता. विषय अर्थातच राजभाषा.

चवथीला मी कारापूरला जेवायला गेलो. भिंत होती, पण तिच्यात आता दार होतं. गणपती एक होता. त्याच्यासमोर खुर्चीवर त्यांची आई बसली होती आणि आगगाडी तिच्या पायांजवळून वळसा घालून जात होती, धुराड्याखाली टिळा लावून. पेटीखाली एक कोरा, फणसाच्या लाकडाचा पाट होता. चित्रशाळेतून परत आणलेला. देव बसायचा त्या जागी विजेची पेटी बसली होती, आणि मला नाही वाटत देवाची काही हरकत असावी.

पुढे घटक राज्य झालं, माझी बदली पणजीला झाली. काही वर्षांनी आमच्या पेडण्यालाही खरी रेल्वे आली. ती बातमी द्यायला मी मुद्दाम डिचोलीला गेलो. द्वारकाबायला आता जाड भिंगाचा चष्मा होता, पण पाटावर इंजिन उताणं होतंच. शेट आपल्या खिडकीखाली, पाठमोरे, तोंडात फुंकणी.

"बाय, पेडण्याक आगगाडी आयली," मी म्हटलं.

"चलता?"

"चलता."

तिचं समाधान झालं. मी पाटासमोर बसलो, आरोपी बसतात तिथे. इतक्या वर्षांचा प्रश्न पोटात होता. तिचाच चिमटा उचलून मी हवेत धरला.

"बाय, कारापूरच्या रुळांचो तो जोड सैल कोणें केलो? खरें सांग."

ती इंजिनात वाकली. कार्बन काढला, फुंकर मारली, परत बसवला. मी थांबलो. तिच्याकडूनच शिकलो होतो थांबायला. बॅटरीच्या तारा तिने चाकांना लावल्या आणि चाकं भुर्र फिरू लागली.

"कोणेंच ना," द्वारकाबाय म्हणाली. "तशेंच सैल जालो."

दुसऱ्या खिडकीखाली पुंडलीक शेट फुंकणीत हसले, आणि त्यांची ज्योत विझली.